शाळांचं ‘आपत्कालीन सुरक्षा पॅकेज’: कडी घ्या, अ‍ॅप सोडा

इंदूरच्या खाजगी शाळांत सध्या एक पॅकेज जोरात खपवलं जातंय. वर्गाच्या दाराला आतून अडसर, शिक्षकांच्या फोनमध्ये धोक्याची सूचना पाठवणारं ‘पॅनिक’ अ‍ॅप, भिंतीवर सायरन, रक्तस्राव थांबवायची पेटी आणि वर्षातून एक मॉक ड्रिल. २४ वर्गांच्या शाळेसाठी कोटेशन १ लाख ८५ हजार, वर १८ टक्के जीएसटी. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांचा माल सारखाच आहे. सादरीकरणाची पहिली स्लाइड अमेरिकेतल्या युवाल्डीची असते. मग पॅकेजही त्याच पट्टीने मोजू.

टेक्सासमधल्या युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. बंदूकधारी ११:३३ ला आत शिरला. पहिले पोलिस तीनच मिनिटांत कॉरिडॉरमध्ये पोचले. तो मारला गेला १२:५० ला. मधल्या ७७ मिनिटांत मुलं वर्गातून पोलिसांना फोन करत होती. एकूण ३७६ पोलिस तिथे जमले होते, त्यामुळे मनुष्यबळाची सबब चालत नाही. अडलं ते चार ठिकाणी: दाराची कडी, चावी, संपर्क आणि हुकूम कोणाचा हे. पॅकेजमधून या चारांतलं किती पदरात पडतं, एवढाच प्रश्न आहे.

आधी दार. पैसे वसूल होऊ शकतात ते इथेच. युवाल्डीत वर्गाचं कुलूप बाहेरून चावी फिरवूनच लागायचं, म्हणजे गोळीबार चालू असताना शिक्षिकेने कॉरिडॉरमध्ये यायचं. आपल्याकडची तऱ्हा निराळी. कडी-कोयंडा बाहेरून, आणि आतली चिटकणी ‘मुलं लावून घेतात’ म्हणून कधीच काढून टाकलेली. पॅकेजमधला अडसर म्हणजे दाराच्या तळाशी बसणारी पोलादी पट्टी, तिची खुंटी फरशीतल्या भोकात जाते. डेमोत झकास दिसतं. पण कोटा फरशीतल्या त्या भोकात आठवडाभरात केर आणि खडूची भुकटी साचते, खुंटी निम्मीच उतरते आणि धक्का दिला की निसटते. दुहेरी झडपेचं दार असेल तर पट्टी एकच झडप धरते. दार बाहेर उघडणारं असेल, आणि आगीच्या दृष्टीने गर्दीच्या खोल्यांना तसंच हवं, तर ती काहीच धरत नाही. शिवाय बाहेरून काढायची सोय नाही. एखाद्याने मुलाला आत कोंडलं, तर दार फोडण्यावाचून इलाज नाही.

त्यापेक्षा साधी नाइट लॅच घ्या. आतून नुसतं बोंड फिरवलं की उघडतं, बाहेरून चावी लागते, दार ओढलं की आपोआप बसतं. सियागंजातल्या हार्डवेअरवाल्याला ‘सगळ्या वर्गांना एक मास्टर चावी’ असं आधीच सांगावं लागतं, नंतर जुळवून मिळत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराला लॅचची जीभ फटीतून दिसते, पत्रा घालून ती सरकवता येते. तिथे जीभ अडकून राहणारी, डेडलॉकची लॅच आणि फटीवर पत्र्याची पट्टी हवी. मास्टर चावीचे तीन जुडगे: कार्यालय, फाटकावरचा चौकीदार आणि सीलबंद एक पोलिस थान्यात. युवाल्डीत चाव्यांच्या शोधात वेळ गेला आणि जुडग्यांतल्या चाव्या दुसऱ्याच दारांवर लावून पाहिल्या जात होत्या. ज्या दारासाठी हा खटाटोप, ते बहुधा उघडंच होतं.

दाराइतकीच कॉरिडॉरची खिडकी पाहा. कमरेएवढ्या उंचीवर, गज असलेली, पडदा नाही. वर्गात लपायचा कोपरा म्हणून जो दाखवतात तो खिडकीतून सरळ दिसतो. यावर पॅकेजमध्ये अक्षर नाही. गडद कापडाचा पडदा आणि जमिनीवर रंगाची एक रेघ, की हिच्या पलीकडे बसलं तर बाहेरून दिसत नाही. खर्च नगण्य.

सायरन घेऊ नका, निदान या आवाजाचा तरी नको. त्याचा सूर आगीच्या घंटेसारखाच आहे. आगीला मुलं बाहेर यायला हवीत, हल्ल्याला आतच थांबायला हवीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारादरम्यान फायर अलार्म वाजला आणि मुलं कॉरिडॉरमध्ये आली. असलेल्या माइकवरून सरळ भाषेत बोलणं उत्तम: ‘दारं बंद करा, आत थांबा, माणूस तळमजल्यावर आहे.’ ‘कोड रेड’ वगैरे नवीन शिपायाला आणि बदली शिक्षिकेला कळत नाही. माइक मात्र फक्त प्राचार्यांच्या खोलीत नको.

अ‍ॅपवर दर वर्षी सबस्क्रिप्शन आहे. युवाल्डीतही असं अ‍ॅप होतं. वायफाय कमजोर असल्यामुळे सूचना सगळ्यांपर्यंत गेली नाही, आणि त्याआधी दुसऱ्याच कारणांसाठी इतक्यांदा वाजलं होतं की लोकांना सवय झाली होती. इथे आणखी एक भानगड: अनेक शाळांत शिक्षकांचे फोन सकाळीच कार्यालयात जमा होतात. कपाटात पडलेल्या फोनवरचं अ‍ॅप कोण दाबणार? शिवाय सूचना जाते ती विक्रेत्याच्या कॉल सेंटरला, तिथला माणूस मग ११२ लावतो. मध्ये एक माणूस जास्त, एवढीच त्याची कमाई. मध्य प्रदेशात डायल १०० जाऊन २०२५ पासून ११२ आलंय, तेच थेट लावा. पत्ता सांगताना वसाहतीचं नाव, जवळची खूण आणि कुठलं फाटक उघडं आहे, या क्रमाने बोला, आणि तेच वाक्य छापून प्रत्येक वर्गात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

रक्तस्रावाची पेटी उपयोगाची, पण माल तपासून घ्या. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचे पट्टे, नकली निघतात. मांडीला बांधून दांडी तीन वेढे पिळा, प्लॅस्टिकची दांडी वाकली तर परत करा. बांधायचं ते जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, गुडघ्यावर वा कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, दुखलं म्हणून सैल करायचं नाही, आणि बांधल्याची वेळ पट्टीवरच लिहायची. जांघ आणि काखेत टूर्निकेट बसत नाही, तिथे जखमेत गॉझ ठासून सलग दाब द्यायचा. पॅकेजमध्ये एकच पेटी आहे आणि ती कार्यालयात टांगतात. प्रत्येक मजल्यावर एक हवी. मोठी रक्तवाहिनी फुटली तर हातात काही मिनिटंच असतात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारात पोलिस बाहेर घेराव घालून स्वॉट या खास सशस्त्र पथकाची वाट पाहत राहिले आणि वर्गात एक शिक्षक काही तासांनी रक्त जाऊन वारले. ‘इथे एक जण रक्त जाऊन मरतोय’ अशी पाटी मुलांनी खिडकीत लावली होती. त्यानंतर अमेरिकेत शिकवण बदलली: पहिला पोचेल त्याने आत जायचं. युवाल्डीत नेमकं तेच झालं नाही, कारण शाळेच्या पोलिसांच्या प्रमुखाने ‘आत दडून बसलेला माणूस’, म्हणजे घाई नको, असं गृहीत धरलं. हे गृहस्थ रेडिओही मागे ठेवून आत गेले होते.

मॉक ड्रिल हा पॅकेजचा सर्वांत वाईट भाग. तोंड झाकलेला माणूस, सुतळी बॉम्ब, पळापळ, मग सोशल मीडियावर व्हिडिओ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्येच मुलांना फसवून घाबरवणाऱ्या सरावाविरुद्ध मत दिलं आहे. फटाके वगळून फक्त एवढं करा: घोषणा झाल्यापासून शेवटचं दार लागेपर्यंत किती सेकंद, आणि किती दारं लागलीच नाहीत. पहिल्या वेळी आकडा लाजिरवाणा येतो. तोच लिहून ठेवायचा असतो.

‘पोलिस समन्वय’ अशी एक ओळ कोटेशनमध्ये आहे. प्रत्यक्षात तो थान्यातल्या दोघांसोबतचा फोटो असतो. खरा समन्वय म्हणजे टीआयसाहेबांनी (थान्याच्या प्रमुख निरीक्षकांनी) एकदा इमारत पायी फिरणं, खोल्यांचे क्रमांक बाहेरच्या भिंतीवरही मोठ्या अक्षरांत रंगवणं आणि तळघर-प्रयोगशाळेत वायरलेस लागतो का ते बघणं. सरावाच्या कागदावर चार गोष्टींची घड्याळातली वेळ हवी: ११२ ला कॉल, गाडी फाटकावर, पहिला पोलिस त्या वर्गाच्या दाराशी, चावी हातात. खाली दोन्हीकडच्या सह्या, आणि प्रत थान्यात आवक क्रमांकासह. आपले पोलिस करूच शकत नाहीत असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या माल्दा जिल्ह्यात एक माणूस पिस्तूल घेऊन भरलेल्या वर्गात शिरला, तेव्हा एका पोलिस अधिकाऱ्याने वर्दीचा शर्ट उतरवून, साध्या कपड्यात जवळ जाऊन त्याला धरलं.

कागदाचा एवढा आग्रह का, तर नंतर जाब विचारायला दुसरं काही उरत नाही. पार्कलंडला बाहेर थांबून राहिलेल्या पोलिसाला ज्यूरीने जून २०२३ मध्ये निर्दोष सोडलं. आपल्याकडे १८६१ च्या पोलिस कायद्याचं कलम २९ कर्तव्यात कसूर करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतचा पगार दंड किंवा तेवढीच कैद सांगतं, पण कसूर मिनिटांत मांडावी लागते. युवाल्डीतला उशीर कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याने मिनिटागणिक उघडा पाडला. तुमच्या शाळेतल्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बघा, बऱ्याच ठिकाणी ते मागे-पुढे असतं. हार्ड डिस्क किती दिवसांनी जुनं पुसते तेही विचारा. विक्रेत्याचा माणूस या दोन्हींना हात लावत नाही, ‘ते आमच्या कामात येत नाही’ म्हणतो.

शेवटी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, वाचा. त्यात अ‍ॅप आहे, सायरन आहे, दाराची कडी नाही. युवाल्डीत वर्ग १११ चं कुलूप नीट लागत नाही हे आधीपासून माहीत होतं, दुरुस्तीचा कागद मात्र निघालाच नव्हता. तेव्हा कोटेशनवर पेनाने लिहून घ्या: दर महिन्याला प्रत्येक लॅच लावून पाहायची, बिघडली तर सात दिवसांत बदलायची. तयार नसतील तर पट्ट्या त्यांच्याकडेच राहू द्या आणि सुतार बोलवा.