कॅनन ७०-२०० एफ २.८ आयएस टू : लग्नाच्या कामाला अजूनही भारी

लग्नाचे फोटो हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी कॅननची ही ७० ते २०० एमएमची झूम लेन्स आजही घ्यावी, पण सेकंडहँड आणि नीट तपासून. २०१० साली आलेल्या या टू व्हर्जननंतर कॅननने २०१८मध्ये थ्री आणली. आतली रचना मात्र तीच, १९ गटांत २३ काचा. बदललं ते मुख्यतः कोटिंग, म्हणजे काचांवरचा लेप. स्टेजमागचे लाइट थेट लेन्सवर आले तर थ्रीमध्ये फ्लेअर, म्हणजे फोटोवर पसरणारी चकाकी, कमी येतो, एवढंच. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते एका चांगल्या फ्लॅशवर घालवलेले बरे.

मंगलाष्टकं सुरू झाली की भटजी, मामा, करवल्या आणि व्हिडिओवाले यांच्या गराड्यात जवळ जायला जागाच उरत नाही. हिचं काम तिथेच सुरू होतं. फुलफ्रेम (३६ एमएम रुंद सेन्सरच्या) बॉडीवर पाच मीटरवरून २०० एमएमला आडव्या फ्रेमची रुंदी साधारण ९० सेंटिमीटर मिळते. अंतरपाट सरकला की दोन चेहरे आणि हार धरलेले हात, बस्स. तिथूनच ७०ला या, अडीच मीटर रुंदी मिळते आणि दोन्हीकडचे मामा फ्रेममध्ये येतात.

याच अंतरावर २०० आणि एफ २.८ला (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं) फोकसची खोली जेमतेम १० सेंटिमीटर असते. तुम्ही जोडप्याच्या अगदी बाजूला काटकोनात असाल तर दोघेही शार्प येतात. जरा तिरपे झालात की एकाचे डोळे गेलेच. एफ ४ केलं तर खोली १५ सेंटिमीटरपर्यंत जाते. मुहूर्ताला तेच ठेवावं. आणखी एक घोळ मुंडावळ्यांचा. झोन फोकस (फ्रेमच्या एका पट्ट्यात कॅमेरा स्वतःच फोकस निवडतो) ठेवला तर कॅमेरा पुढे लोंबणाऱ्या मोत्यांनाच धरतो आणि डोळा मऊ येतो. सिंगल पॉइंट घ्या, तो भुवईच्या कडेवर टेका.

आयएस (इमेज स्टॅबिलायझर) चार स्टॉपचा आहे, म्हणजे हातात धरून शटर सोळापट हळू ठेवता येतं, पण तो तुमच्या हाताची थरथर सावरतो, उडणाऱ्या अक्षता थांबवत नाही. हार घालताना शटर किमान १/२५०. हॉलमध्ये स्वस्त एलईडी असतील तर या शटरला पट्टे येऊ शकतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नसेल तर स्थिर फोटोंना १/१०० ठेवा.

वजन १४९० ग्रॅम, ट्रायपॉड कॉलर वेगळी. दिवसभराच्या लग्नात मनगट बोलायला लागतं. पट्टा बॉडीला नाही, कॉलरला अडकवा. नाहीतर सगळा भार माउंटवर येतो.

सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस आहे, सौदा सोडा. मुंबई-कोकणातल्या लेन्सेस याबाबतीत जास्त बारकाईने बघाव्यात. फिल्टरची कड चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे असं धरूनच चाला आणि ७० व २०० दोन्हीकडे सपाट भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकली आहे. माउंटभोवतीची रबरी रिंग फाटलेली नको. फाइव्ह-डी मार्क थ्री किंवा त्यापुढची बॉडी असेल तर फोकस मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तो बॉडीत जुळवणं) ७० आणि २०० दोन्ही टोकांना वेगळी करता येते. ती करून घ्याच. पावसाळ्यात लेन्स चामडी बॅगेत कोंबू नका. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर, ते नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

कॅननच्या मिररलेस आर सीरिजच्या बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावून ही छान चालते. त्याच बॉडींसाठीची २०१९ची आरएफ ७०-२०० एफ २.८ वजनाला १०७० ग्रॅम आणि ०.७ मीटरवर फोकस करते, पण तिला एक्स्टेंडर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून पल्ला वाढवणारा जोड) लावता येत नाही. हिला १.४एक्स लावला की एफ ४ची २८० एमएम होते, पालखीच्या गर्दीत ते कामी येतं.

फ्लॅटमधल्या हळदीला मात्र ही नेऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीत ७० एमएमसुद्धा अंगावर येतं, आणि १.२ मीटरच्या आत फोकसच होत नाही. साखरपुड्याची अंगठीही हिच्यावर नको; सर्वात जवळून घेतली तरी फ्रेम १७ सेंटिमीटर रुंद राहते आणि अंगठी त्यात हरवते. त्यासाठी १०० मॅक्रो भाड्याने आणा.