दोघांनी मिळून केलेला तीनचाकी मोटरसायकलचा कोर्स: एक सीझन गाडी चालवून झाल्यावर

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. आयुष्यभर दुचाकी चालवली असेल आणि आता गुडघा, कंबर किंवा वय यामुळे तीनचाकीकडे वळत असाल, तर हा कोर्स कराच. आणि गाडीवर मागे नवरा किंवा बायको बसणार असेल, तर दोघांनी करा. मागे बसणाऱ्यानेही हँडल स्वतः हातात घेऊन, पूर्ण कोर्स. नुसतं कुंपणाबाहेर उभं राहून बघू नका. आम्ही दोघं पन्नाशीतले, मूळचे पुण्याचे, राहतो सिॲटलजवळ. मे महिन्यात कोर्स केला, त्यानंतर कॅन-ॲम स्पायडर आरटी ही तीनचाकी घेतली, आणि पावसाळा लागेपर्यंत मनसोक्त चालवली. कोर्स संपल्याच्या दिवशी काय वाटलं यापेक्षा एवढ्या महिन्यांनी त्यातलं काय कामी येतंय, ते लिहायचं आहे.

गाड्यांबद्दल थोडं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अमेरिकेत तीनचाकी मोटरसायकली मुख्यतः दोन तऱ्हांच्या दिसतात. एकीत पुढे एक आणि मागे दोन चाकं, म्हणजे हार्लीची ट्राय ग्लाइड, किंवा मोठ्या टूरिंग बाइकला मागे किट बसवून केलेल्या ट्राइक. मांडणी आपल्या रिक्षाचीच. दुसरीत पुढे दोन आणि मागे एक, म्हणजे कॅनडाच्या बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर, जी २००७ पासून बाजारात आहे, आणि तिची धाकटी बहीण राइकर. पियाज्जोची एमपी३ किंवा यामाहाची नायकेन यांनाही तीन चाकं आहेत, पण त्या वळणावर दुचाकीसारख्या झुकतात, त्यामुळे त्या चालवायचं तंत्रही दुचाकीचंच. हा कोर्स न झुकणाऱ्या गाड्यांचा आहे.

आम्ही केलेला कोर्स मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या, म्हणजे एमएसएफच्या, अभ्यासक्रमावर चालतो. आधी घरी बसून ऑनलाइन भाग, मग शंकू मांडलेल्या पार्किंग लॉटमध्ये प्रत्यक्ष सराव, शेवटी लेखी आणि चालवायची परीक्षा. गाड्या सेंटरच्याच होत्या. ऑनलाइन भाग ठीक आहे, पण त्यातला बराचसा दुचाकीवाल्यांनाही लागू होणारा. खरं शिक्षण डांबरावर होतं.

आणि तिथे सगळ्यात जास्त त्रास होतो तो ज्यांना दुचाकी उत्तम येते त्यांना. नवऱ्याने पुण्यात आरएक्स १०० चालवली, इथे आल्यावर मोठ्या बाइक चालवल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सिग्नलला जड बाइक पायावर तोलून धरणं बंद झालं. त्याचं म्हणणं, 'तीन चाकं आहेत, पडणार तर नाही, मग शिकायचं काय?' पहिल्या वळणातच त्याला उत्तर मिळालं.

दुचाकी थोडा वेग धरला की उजवीकडे वळवण्यासाठी उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं. गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. आपण सगळे हे करतो, आणि बहुतेकांना आपण हे करतो याचा पत्ताही नसतो. स्पायडरवर उजवं हँडल पुढे ढकललंत तर गाडी सरळ डावीकडे जाते, कारण ती झुकतच नाही. पुढची चाकं जिकडे वळतील तिकडे ती जाते. आता हे इथल्या उजव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यावर मांडून बघा. उजवं वळण आलं, जुन्या सवयीने हात पुढे गेला, तर तुम्ही समोरून येणाऱ्या लेनमध्ये. डावं वळण आलं, तर रस्त्याबाहेर. वीस-तीस वर्षांची हाताची सवय डोक्याने 'समजलं' म्हटल्याने जात नाही. ती जाते शंकूंच्या मधून हळूहळू, पुन्हा पुन्हा, त्याच वळणावरून गाडी नेल्याने, आणि कोर्समधला निम्मा वेळ याच कामी लागतो. मला ते पुरेपूर पटलं. हे काम रिकाम्या पार्किंग लॉटमध्येच उरकलेलं बरं.

दुसरी गोष्ट अंगाची. दुचाकीवर गाडी आणि माणूस एकत्र झुकतात, म्हणून अंग बाहेर फेकलं जात नाही. तीनचाकीवर जातं. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला स्वतः सरकायचं, खांदा आत न्यायचा, हँडल बाहेरच्या हाताने ढकलायचं आणि आतल्याने ओढायचं. पुण्यातले मुरलेले रिक्षावाले घाईच्या वळणावर सीटच्या आतल्या कडेला सरकतात ना, तसंच. लहानपणापासून बघत आलो, कारण कळलं ते इथे.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि ही स्पायडर घेणाऱ्यांनी नीट वाचावी. या गाडीला हँडलवर ब्रेकच नाही. उजव्या पायाखाली एकच पेडल, ते तिन्ही चाकांचा ब्रेक एकदम लावतं. झटकन थांबण्याचा सराव होता तेव्हा आमच्या बॅचमधल्या प्रत्येक जुन्या दुचाकीवाल्याची उजव्या हाताची बोटं आधी उघडायची, हवेत काहीतरी पकडायला जायची आणि मग पाय दाबला जायचा. तेवढ्या अर्ध्या सेकंदात ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सात मीटर पुढे सरकते. प्रशिक्षिका शंकूंच्या रांगेच्या शेवटी उभी राहून प्रत्येकाच्या बोटांकडेच बघत होती, चाकांकडे नाही. बोटं हँडलवर मिटलेली राहून पाय खाली गेला की अंगठा वर करायची.

चौथी गोष्ट पाय. गाडी थांबली की नवऱ्याचा डावा पाय आपोआप खाली यायचा, आणि लगेच पलीकडून आवाज, 'फीट ऑन द पेग्ज!', म्हणजे पाय पायदानावरच ठेवा. मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकवर तर खाली टेकवलेल्या पायावरून आपल्याच गाडीचं मागचं चाक जाऊ शकतं. त्याच गाड्यांवर वळणाच्या मधोमध जोरात ब्रेक लावणंही धोक्याचं. वजन पुढे आणि बाहेर, म्हणजे नेमकं जिथे चाक नाही त्या कोपऱ्यावर जातं. स्पायडरला पुढे दोन चाकं असल्याने तो धोका कमी, शिवाय चाक उचललं जायला लागलं की गाडीची स्थिरता सांभाळणारी यंत्रणा इंजिनाची ताकद कापते आणि ब्रेक लावते. तरी नियम तोच: वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर उतरवायचा, नजर वळणाच्या पलीकडे न्यायची, मग हँडल, मग हलकं थ्रॉटल.

आता दोघांनी करण्याबद्दल. मी कॉलेजात कायनेटिक होंडा चालवायची, इथे आल्यावर कारच. कोर्सला मी 'बरोबर' म्हणून गेले नव्हते, नाव घालूनच गेले होते, आणि हे फार बरं झालं. पहिल्याच तासाला प्रशिक्षिकेने बॅचमधल्या जोडप्यांना वेगळ्या रांगेत टाकलं आणि सांगितलं, कोर्स संपेपर्यंत एकमेकांना काहीही शिकवायचं नाही. जेवणाच्या सुट्टीतही नाही. आम्ही ते पाळलं. नवऱ्याला शिकवायची हौस आहे आणि मला त्याच्याकडून गाडी शिकायची अजिबात इच्छा नव्हती. तिसऱ्या माणसाकडून दोघांनी तेच ऐकलं, त्यामुळे ते कोणा एकाचं मत राहिलं नाही.

त्याचा उपयोग पुढे रस्त्यावर कळला. स्पायडरवर मागे बसणारं माणूस नुसतं बसून चालत नाही. साडेचारशे किलोच्या वर वजनाची गाडी असली तरी मागचं माणूस वळणावर बाहेर कललं की पुढच्याला हँडलवर जाणवतं. ज्याने स्वतः चालवली आहे त्याला कधी, किती आणि का आत यायचं ते सांगावं लागत नाही. आमच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहे. स्नोक्वाल्मी खोऱ्यातून मन्रो ते फॉल सिटी जाणारा २०३ क्रमांकाचा रस्ता आहे, डुव्हॉल आणि कार्नेशन या गावांतून, दोन्ही बाजूंना शेतं आणि अधूनमधून काटकोनाच्या जवळ जाणारी वळणं. तिथे आमचं बोलणं इतकंच असतं.

'अगं, डावं. घट्ट आहे.'

'दिसलं. वेग उतरव अजून.'

'उतरवला.'

पूर्वी बाइकवर मागून 'हळू चालव रे' म्हटलं की त्याला टोमणा वाटायचा आणि तो आणखी दोन मिनिटं तसाच हाकायचा. आता मी नेमकं सांगते, की ब्रेक वळणाच्या आत गेला, तो आधी लागायला हवा होता. तोही मला तसंच सांगतो, कारण डुव्हॉलला कॉफी झाली की आम्ही जागा बदलतो. तो मागे बसायला लागल्यापासून पुढे बसल्यावरचं त्याचं चालवणंही बदललंय. मागच्या सीटवरून वळण केवढं जोरात लागतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

पाऊस आणि खड्डे हा भाग कोर्समध्ये बोलण्यापुरताच होता, आणि वापरात तोच सगळ्यात जास्त लागला. दुचाकीवर खड्डा चुकवायला वीतभर सरकलं की झालं. इथे तीन चाकांच्या तीन वाटा. कारसारखा खड्डा दोन चाकांच्या मधून न्यावा म्हटलं तर मागचं चाक बरोबर त्यातच जातं. आणि लेनच्या मधोमध, जिथे कारचं ऑइल ठिबकतं, तिथूनच आपलं मागचं चाक जातं, तेही ताकद देणारं चाक. सप्टेंबरअखेर, कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात सिग्नलला थांबून निघताना ते घसरल्यासारखं जाणवतं. थ्रॉटल अगदी हलकं. पुढचे टायर रुंद असल्याने साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागायची भीतीही दुचाकीपेक्षा जास्त, म्हणून मुसळधार असेल तर आम्ही सरळ थांबतो.

हायवेच्या गोल रॅम्पबद्दलही सांगते. लांब, एकाच दिशेचं वळण आणि वेग धरावा लागतो. पॉवर स्टीअरिंग असूनही सुरुवातीच्या आठवड्यांत खांदे आणि मनगटं दुखायची. हँडल आवळून धरल्याने ते वाढतं. कोपर सैल सोडून अंग आत नेलं की निम्मं कमी होतं.

तक्रारी आहेत. आमच्या सेंटरवर मागे माणूस बसवून चालवायचा सराव दिलाच नाही. जोडप्यांची बॅच असूनही नाही. तो आम्ही नंतर रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये, कोर्सचेच व्यायाम आठवून, स्वतः केला. त्याआधी दोघांनी रस्त्यावर जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. दुसरं म्हणजे सगळ्या गाड्या एकाच तऱ्हेच्या होत्या, पुढे दोन चाकं असलेल्या. बॅचमधल्या एका जोडप्याला हार्लीची ट्राइक घ्यायची होती, त्यांना त्या गाडीचा वेगळा तोल तोंडीच समजून घ्यावा लागला. बुकिंग करताना सेंटरला विचारा, गाडी कोणती देणार आणि स्वतःची ट्राइक आणलेली चालेल का.

लायसन्सचं राज्यागणिक वेगळं आहे. आमच्या वॉशिंग्टन राज्यात तीनचाकीचं एन्डॉर्समेंट, म्हणजे लायसन्सवरची परवानगीची नोंद, दुचाकीपेक्षा वेगळं मिळतं. एकावर दुसरी चालवता येत नाही. हेल्मेट चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं. कॅलिफोर्नियात तीनचाकीला कारचं लायसन्स पुरतं, त्यामुळे तिथले आपले ओळखीचे शोरूममधून गाडी घेऊन थेट फ्रीवेला लागतात. कायद्याला चालत असेल, पण हँडलच्या त्या उलट्या सवयीला कायद्याशी काही घेणंदेणं नाही. कृपा करून आधी शिका.

कोर्सला जाताना घोट्याच्या वर येणारे बूट, बोटं झाकणारे हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट लागतं. त्याशिवाय डांबरावर उतरूच देत नाहीत. पाणी भरपूर न्या, पार्किंग लॉटला सावली नसते. ज्यांच्या गुडघ्याला त्रास आहे त्यांनी गाडीवर चढून-उतरून बघावं: ब्रेक पेडल दाबून गाडीवर बसायचं, पेडल सोडायचं नाही, हा क्रम सुरुवातीलाच शिकवतात आणि नवऱ्याच्या गुडघ्याला तो जमला. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा आमच्याकडे फार लवकर भरतात. एकाच बॅचमध्ये शेजारशेजारच्या दोन जागा हव्या असतील तर थंडी सरायच्या आधीच नावं घाला.