व्ही-कलेक्ट (पुणे): सेवा चांगली, पण घरची तयारी हवी

बंद मोबाईल, चार्जर, वायरींची भेंडोळी, मिक्सरची जळालेली मोटर अशा फुटकळ ई-कचऱ्यासाठी पुण्यात ‘स्वच्छ’ची व्ही-कलेक्ट ही सेवा नक्की वापरावी. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. शनिवार-रविवारी शहराच्या वेगवेगळ्या भागांत संकलन असते, त्यामुळे आपल्या भागाची तारीख आधी पाहावी लागते. हीच या सेवेची मोठी अडचण. तोवर वस्तू घरात कोरड्या जागी वेगळ्या खोक्यात ठेवा.

भंगारात चार पैसे मिळतात, हे खरं. पण तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली की तिच्यावरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या धुरातून डायऑक्सिन हे विषारी रसायन बाहेर पडतं, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

सगळ्यात जास्त चुका बॅटरीच्या बाबतीत होतात. सुटे लिथियम सेल पिशवीत एकत्र टाकले की त्यांची टोकं एकमेकांना किंवा वायरीला टेकतात, शॉर्ट होतं आणि गोणी पेटते. प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. बटण सेललाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि देताना ‘ही फुगलेली आहे’ असं तोंडाने सांगा. गोणीत हात घालणाऱ्या कचरावेचक ताईंना ते कळलंच पाहिजे.

मोबाईलमधून सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, मगच फॅक्टरी रीसेट करा. खातं तसंच राहिलं तर फोन कुलूपबंद राहतो आणि चालू फोनही दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. लॅपटॉपची जुनी हार्डडिस्क नुसती क्विक फॉरमॅट करून भागत नाही, माहिती परत काढता येते. पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरी माहिती लिहून ती पुसा, किंवा डिस्क काढून घ्या.

सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. त्या घेतात का, हे आधी विचारा आणि मूळ खोक्यातच न्या. घरात फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. तुकडे झाडूने नव्हे, जाड पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.

फ्रिजसाठी मात्र नवा घेताना एक्सचेंज बरा. कॉम्प्रेसरची नळी घरी कापू नका: अनेक फ्रिजमध्ये थंडाव्यासाठी भरलेला आर-६००ए वायू ज्वलनशील असतो.