छाया गोळी, ११ महिने: तांबी आणि अंतरा करून झाल्यावरचा माझा अनुभव

छाया ही दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी. ती सुरू करून या महिन्यात ११ महिने झाले. त्याआधी तांबी, मग निरोध, मग अंतराची तीन इंजेक्शनं, मग पुन्हा निरोध. मुलगी सव्वातीन वर्षांची होईपर्यंत गर्भनिरोधनाच्या सरकारी यादीतलं जवळजवळ सगळं करून झालं, ऑपरेशन आणि माला-एन ही रोजची गोळी सोडून. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे, आणि हंगामात दुसऱ्याच्या वावरातही मजुरीला जाते. हे मुद्दाम सांगते, कारण माझं सगळं मत त्या वावरावरूनच ठरलेलं आहे.

साधनांची माहिती कुठंही वाचा, पहिल्यांदा खात्री किती तेच लिहिलेलं असतं. ते पाहायलाच हवं. पण मला पहिला प्रश्न वेगळा पडतो: हे घेतल्यावर माझ्या पाळीचं काय होणार? तांबीनं अंगावरून जास्त जातं. अंतरानं आधी पाळी बिघडते, मग बहुतेकींची बंद पडते. छायानं लांबते. माला-एननं घड्याळासारखी येते. आणि आमच्या घरी पाळी ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. पाळी आली की देवघराकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. त्यामुळे कधी आली, किती दिवस राहिली, या खेपेला आलीच नाही, हे सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना न सांगता कळतं. आमच्याकडे साधन निवडलं की घरात कोणकोणत्या प्रश्नांना तोंड द्यायचं तेही त्याच्यासोबत येतं.

तर आधी तांबी. मुलगी झाली त्याच दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बसवली. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, वेगळी खेप पडत नाही, ही सोय खरंच चांगली आहे. पण मला विचारलं कधी, तर कळा सुरू असताना. तेव्हा कोणी जमिनीच्या कागदावर अंगठा मागितला असता तरी मी दिला असता. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण बाकीच्यांना सांगते, हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. माझी ३७५ होती, पाच वर्षांची. दुसरी ३८० ए असते, ती दहा वर्षांची. हा फरक मला घरी येऊन कार्ड वाचल्यावर समजला.

अंगावर पाजत होते तोवर पाळीच नव्हती, त्यामुळे तांबी आहे हे विसरलेही होते. सातव्या महिन्यात पाळी आली आणि त्याच सुमारास कापूस फुटला. ज्या बायांनी वेचणी केली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सकाळी नऊला वावरात, कमरेला कापसाचं फडकं, आडोसा म्हणजे धुऱ्यावरची बोर. पॅड बदलायला जागा नाही, हात धुवायला घरून आणलेल्या बाटलीतलंच पाणी. आणि वेचा किलोवर असतो, म्हणजे जितक्या वेळा उठले तितका कापूस कमी. तीन महिने असे काढले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. सिस्टर म्हणाल्या, पहिले तीन ते सहा महिने जास्त जातं, मग बहुतेकींचं कमी होतं, लोहाच्या गोळ्या घे आणि थोडी थांब. त्यांचं चूक नव्हतं. माझी नणंद सहा वर्षं तांबीवर आहे, तिला काडीचा त्रास नाही. पण ती घरी शिवणकाम करते, वेचणीला जात नाही. मी काढून टाकली. काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

गावात एक समज आहे की तांबी वर सरकून छातीत जाते. जात नाही. गर्भपिशवीला वरच्या बाजूनं छातीकडे जाणारी वाटच नाही. क्वचित आपोआप खाली निघून येते, म्हणून दोरा हाताला लागतो का ते पाहायला सांगतात.

निरोधाबद्दल थोडक्यात: चांगला आहे, फुकट आहे, लैंगिक रोगापासून वाचवणारं एवढं एकच साधन आहे. पण तो वापरायचा असतो ह्यांनी आणि आशाताईंकडून आणायचा असतो मी. एकदा संपलेला होता आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी आशाताईंकडे असते, ती घेतली. त्या म्हणाल्या, "हे रोजच्यासाठी नसते वो, अडीनडीसाठी असते." त्यानंतर चार दिवस मी अशी घाबरून होते की पुढच्याच आठवड्यात अंतराचं विचारायला गेले.

अंतरा म्हणजे तीन महिन्यांतून एक इंजेक्शन. पहिलं देण्याआधी डॉक्टरांनी बीपी पाहिला, बाकी विचारपूस केली, आणि हे विचारलं की पुढचं लेकरू कधी पाहिजे. हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. पुढची दोन इंजेक्शनं सिस्टरनी दिली. "टोचलेल्या जागी चोळू नको, शेकूबी नको," हे त्या दर वेळी सांगत.

पहिल्या महिन्यात १९ दिवस थोडं थोडं डाग लागल्यासारखं जात राहिलं. आधी सांगितलेलं होतं म्हणून सोसलं. तांबीच्या वेळी जेवढं घाबरले त्याच्या पाव हिस्साही घाबरले नाही. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख नेमकी सोयाबीन सोंगणीत आली आणि जायला नऊ दिवस उशीर झाला. वाटलं, आता काही खरं नाही. पण तारखेच्या दोन आठवडे आधीपासून ते चार आठवडे नंतरपर्यंत चालतं, हे तेव्हा कळलं. वावरात राबणाऱ्या बाईला ही सवड फार मोलाची आहे.

मग पाळी बंद झाली. ती पूर्ण वेचणी मी एकाही पॅडशिवाय काढली. हिमोग्लोबिन ८.६ वरून दहाच्या वर गेलं. घरात लपवायला गोळी नाही, पाकीट नाही. माझ्यापुरतं विचाराल तर अंतरासारखं सुख नव्हतं. पण दोन महिने मी लोणच्याची बरणी रोज हाताळत होते ना. सासूबाईंनी विचारलंच, "अवं, तुले महिना काहून येऊन नाई राह्यला? राह्यली काय?" नाही म्हटलं, तर पुढचं, "मंग रक्त जाते कुठं? पोटात साचून गाठ होईन." शेजारच्या काकूंनी त्याला दुजोरा दिला. रक्त साचत नाही. अंतरानं गर्भपिशवीचं आतलं अस्तर दर महिन्याला जाड होतच नाही, मग बाहेर पडायला काही उरत नाही. हे मी सांगितलं, सिस्टरनी सांगितलं, आशाताईंनी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी चहा करून पाजला आणि आशाताई गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पण गाठ झाली म्हंजे?"

मी चौथ्या इंजेक्शनला गेले नाही. निम्मं कारण हे, निम्मं वेगळं. अंतरा सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. आम्हाला दुसरं लेकरू मुलगी शाळेत गेल्यावर हवं आहे, त्यामुळे तो हिशेब जुळत नव्हता. ज्यांना दोन-तीन वर्षं काहीच नको आहे आणि घरात बोलणारं कोणी नाही, किंवा बोललं तरी फरक पडत नाही, त्यांनी अंतराच घ्यावं असं माझं मत आजही आहे. माझी पाळी त्यानंतर सातव्या महिन्यात आली. इंजेक्शनचा अंमल संपल्यापासून तोवर निरोध, कारण पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं.

ती पाळी शनिवारी रात्री आली आणि रविवारी सकाळी मी छायाची पहिली गोळी घेतली. रविवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, हा योग फार कामी आला. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या, रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. पाळी येवो न येवो, वार बदलायचा नाही. कालनिर्णयवर मी रविवारच्या चौकोनात बारीक टिंब देते. कोणी पाहिलं तर वाटावं दुधाचा हिशेब आहे.

या गोळीत हार्मोन नाही, त्यामुळे मळमळ, डोकं जड होणं, वजन वाढणं यातलं मला काही झालं नाही. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी आहे ही, दुकानात 'सहेली' नावानं खूप वर्षांपासून मिळते. सरकारी दवाखान्यात छाया नावानं फुकट. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पण सगळ्यांना नाही: नुकतीच कावीळ झालेली असेल, लिव्हर किंवा किडनीचा त्रास असेल, टीबी असेल, अंडाशयावर गाठी असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

तिचा एकच त्रास, आणि तो नेमका आमच्या घराला लागू पडणारा: पाळी लांबते. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, मग शरीर सरावतं. माझी पहिलीच ४४ दिवसांवर गेली. मधेच महालक्ष्म्या आल्या. त्या तीन दिवसांत पाळी येऊ नये म्हणून गावातल्या अर्ध्या सुना गोळ्या मागत फिरतात, आणि माझी आपली आपणच थांबलेली. पुरणाचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे आला, सासूबाई खूश. विसर्जन झालं आणि त्यांच्या लक्षात आलं की मी महिन्याच्या वर दूर झालेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ताटात तूप जास्त पडायला लागलं. आशाताईंनी निश्चय किट दिलं, दिवस राहिले का ते घरीच पाहायचं, एकच रेघ आली, आणि तीन दिवसांनी पाळी. तूप बंद. पंधरा दिवसांच्या वर लांबली तर तपासून घ्यायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. मी घरात एक किट ठेवतेच.

चूक एकदा झाली. दिवाळीत माहेरी गेले आणि पाकीट इकडे डब्यात राहिलं. रविवार गेला, आठवलं गुरुवारी, परत आल्यावर. नियम असा: विसरून सात दिवसांच्या आत असाल तर आठवेल तेव्हा लगेच गोळी घ्या, पुढची नेहमीच्या वारालाच, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या वर गेलं तर नव्यानं सुरू, पुन्हा तीन महिने आठवड्याला दोन. माझे चारच दिवस गेले होते, पण निरोध आलाच. तेव्हा ह्यांचं तोंड पाहण्यासारखं होतं. त्याचा एक फायदा झाला, आता रविवारी बाजाराची पिशवी घेताना तेच विचारतात, "झालं काय तुह्यं?"

दुसरी अडचण पुरवठ्याची. उन्हाळ्यात सहा आठवडे गोळ्या आल्याच नाहीत. तालुक्याला जाऊन मेडिकलमधून सहेली घेतली, गोळी तीच. दुकानदारानं ती पेपरात अशी गुंडाळून दिली जसं काही उंदराचं औषध. आता दोन पाकिटं पुढची मागून ठेवते.

रोज आठवण राहत असेल तर माला-एन वाईट नाही. २८ गोळ्या, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या, पाळी वेळेवर. पण लेकरू सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या बाईनं ती घ्यायची नाही, आणि बीपी असेल तर नाहीच. मला रोज जमणार नाही हे मला माहीत आहे.

मोठ्या जाऊबाईंनी दुसरा मुलगा झाल्यावर चोविसाव्या वर्षीच ऑपरेशन करून घेतलं. त्या सुखात आहेत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते दाजींबद्दल, म्हणजे त्यांच्या नवऱ्याबद्दल. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची असते, भूल तेवढ्या जागेपुरती, माणूस त्याच दिवशी घरी येतो. तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं, तोवर निरोध, एवढंच. पण "कामाचा माणूस, कमजोरी आली तर?" असं म्हणून घरात विषय संपवला. नसबंदीनं कमजोरी येत नाही. आणि जाऊबाई ऑपरेशननंतर दीड महिन्यात निंदायला गेल्या, त्या काय कामाच्या नव्हत्या? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. हा आकडा मी ह्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, दुसरं लेकरू झाल्यावर पाहू. तारीख लिहून ठेवली आहे, कालनिर्णयवरच.

दुसरं लेकरू हवं असेल तेव्हा छाया बंद केली की अंतरासारखं महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. म्हणून तोवर हीच. वेचणीच्या दिवसांत पाळी यायची तेव्हा येतेच, पण दोन महिन्यांत एकदा, आणि कमी.

परवा आली, ४१ व्या दिवशी. आंब्याचं नवं लोणचं नुकतंच घातलेलं, बरणी ओट्यावरच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली, आणि किती दिवसांनी आली ते विचारलं नाही.