माल वाटेत जळाला तर: विमान, ट्रक की जहाज?

५०० किलोचं यंत्र एका खोक्यातून परदेशी पाठवायचंय. वाटेत ते आगीत पूर्ण जळालं, तर वाहतूकदाराकडून जास्तीत जास्त किती मिळेल? विमानाने १३,००० एसडीआर, ट्रकने ४,१६५, जहाजाने १,०००. (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक.) आणि जहाजाच्या बाबतीत तेवढेही हाती पडतील याची खात्री नाही.

विमानाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो. त्यात आग ही सबबच नाही. मालातलाच दोष, सदोष पॅकिंग, युद्ध, सरकारी कारवाई किंवा पाठवणाऱ्याची चूक कंपनीने सिद्ध केली नाही, तर तिला भरपाई द्यावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे.

ट्रकसाठी, मुख्यतः युरोपात, १९५६ चा सीएमआर करार. आग टाळणं अशक्य होतं हे ट्रकवाल्याने दाखवायचं. वायरिंगमुळे पेट घेतला असेल तर गाडीच्या बिघाडाकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

जहाजाचं गणित उलटं आहे. सागरी मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत खुद्द वाहतूकदाराच्या दोषाने आग लागली नसेल तर तो मोकळा, मग खलाशाने निष्काळजीपणा केलेला का असेना! जहाज निघण्याआधी ते प्रवासायोग्य ठेवण्यात कसूर झाली आणि त्यातून आग लागली, तर मात्र ही ढाल गळून पडते. १९५९ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात तेच झालं: गोठलेले पाइप मोकळे करायला ज्योतीची गॅस टॉर्च लावली, कॉर्कचं आवरण पेटलं, आणि नुकसान कंपनीच्या अंगावर आलं. सागरी वाहतुकीचेच दुसरे, हॅम्बुर्ग नियम मालवाल्याच्या बाजूचे मानले जातात, पण आगीपुरते नाहीत. वाहतूकदाराची चूक तिथेही मालवाल्यानेच सिद्ध करायची. जळालेल्या जहाजातला पुरावा त्याने आणायचा कुठून?

शिवाय माल वाचला तरी जनरल अ‍ॅव्हरेज आहेच, म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात सगळ्यांचा वाटा. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' पेटलं, तेव्हा वाचलेला माल सोडवायला बचावखर्च धरून मालाच्या किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली.

जादा आकार भरून मालाची किंमत जाहीर केली की विमान आणि ट्रकची मर्यादा वाढते. तिथे हा मार्ग विचारात घ्यावा. जहाजाची मर्यादाही वाढते, पण आगीची सूट तशीच राहते. म्हणून समुद्रमार्ग निवडलात तर मालाचा स्वतंत्र विमा हवाच. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमधला (मालविम्याच्या प्रमाणित अटींमधला) सर्वांत मर्यादित 'सी' प्रकारही आग आणि जनरल अ‍ॅव्हरेज दोन्हींना संरक्षण देतो.