संप नसलेली टाकी आणि कोऱ्या खोक्यातला जुना स्किमर

गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडमधील आमच्या सदनिकेत मी खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी ती टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १६० लिटरची आहे. वाळू आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी १३५ लिटरच्या आसपास भरते. टाकीच्या काचेला भोक पाडून खालच्या कपाटात पाणी शुद्ध करण्याची साधने ठेवायची दुसरी टाकी, म्हणजेच या छंदातली मंडळी जिला संप म्हणतात ती, बसवण्यास घरातून ठाम नकार होता. आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी एकदा खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतात उतरले होते आणि त्याची आठवण दोन्ही घरांत ताजी होती. त्यामुळे मागच्या काचेच्या काठावर अडकवता येईल असा प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील घाण बाहेर काढणारे यंत्र, शोधणे एवढाच मार्ग माझ्यापुढे राहिला.

शहराच्या मध्यवस्तीतील एका दुकानात मला असा स्किमर दाखवण्यात आला. खोके नवेकोरे होते, ४०० लिटरपर्यंतच्या टाकीला चालेल असे त्यावर चिकटवलेले होते आणि किंमत ११,५०० रुपये सांगितली गेली. दुकानदाराने तो नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीला लावून चालवून दाखवला. बुडबुडे चांगले वाटाण्याएवढे दिसत होते, म्हणून मी शंका काढली. त्यावर तो म्हणाला, “काका, गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळतात, म्हणून मोठे दिसतात. घरी खाऱ्या पाण्यात लावा, नुसतं दूध होईल दूध.” हे विधान शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे चटकन एकत्र येत नाहीत, बारीकच राहतात, आणि माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून आलेली प्रथिने त्या बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात जातात. मी हे आधी वाचलेले होते. वाचलेलेच दुकानदाराच्या तोंडून ऐकल्यामुळे माणूस जाणकार आहे अशी माझी खात्री पटली, आणि पक्के बिल घेतल्यास अठरा टक्के जास्त पडतील म्हटल्यावर मी निमूटपणे साधी चिठ्ठी घेतली. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा होता.

घरी आल्यावर दूध झाले नाही. स्किमरच्या नळकांड्यातील पाणी जवळजवळ नितळ राहिले आणि त्यातून मोजके मोठे बुडबुडे वर जात राहिले. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “नवीन स्किमरला बसायला वेळ लागतो. पंधरा-वीस दिवस त्याला हातच लावू नका.” हेही खरे आहे. नव्या प्लास्टिकवर कारखान्यातील तेलकट अंश असतो आणि तो निघून आतून जैविक थर धरेपर्यंत स्किमर नीट काम करत नाही, कधी कधी तर आठवडे जातात. मी थांबलो. चिठ्ठीमागे माल बदलून देण्याची मुदत सात दिवस लिहिलेली होती, हे मी नंतर वाचले.

तिसऱ्या आठवड्यात नायट्रेट, म्हणजे कुजणाऱ्या घाणीतून पाण्यात साठत जाणारे द्रव्य, १० पीपीएमवरून ४० पर्यंत गेले, दगडांवर तपकिरी थर चढला आणि मी दर चार दिवसांनी वीस लिटर पाणी बदलू लागलो. आरओचे पाणी आणि समुद्री मीठ यांचा खर्च या काळात किती झाला याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. पुन्हा फोन केला, तेव्हा तिसरे स्पष्टीकरण आले: दोनच क्लाउनफिश आहेत, टाकीवर भार कमी आहे, मग फेस येणार कुठून? कमी भाराच्या टाकीत फेस कमी येतो, हेही पुस्तकात सापडेल.

पाचव्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावर राहणारे एक स्नेही घरी आले. त्यांच्याकडे कित्येक वर्षे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यांनी काही न बोलता हवेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवले आणि मलाही ठेवायला सांगितले. ओढ जवळजवळ नव्हतीच. स्किमर नवा असो वा जुना, मोटर पाण्याबरोबर हवा जोरात ओढते, ती ओढ बोटाला पहिल्या मिनिटापासून जाणवते आणि खाऱ्या पाण्यात नळकांडे बारीक बुडबुड्यांनी पांढरे होते. बसायला वेळ लागतो तो वर टिकणारा, घट्ट फेस जमण्यास. तो सुरुवातीला येत नाही, किंवा उलट उतू जातो. परंतु खालचे पाणी पांढरे होत नसेल, तर ती बसण्याची अडचण नव्हे, यंत्राचाच दोष आहे. एवढा एक फरक मला ठाऊक असता, तर सात दिवसांच्या आत मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो असतो.

मग आम्ही मोटर उघडली. अशा बहुतेक स्किमरच्या मोटरमधील पंख्याला पात्यांऐवजी दाट सुयांसारखे खुंट असतात आणि ते हवा फोडून बुडबुडे बारीक करतात. आमच्या मोटरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साध्या पंपाचा सरळ पात्यांचा पंखा होता, म्हणजे मूळ मोटर काढून स्वस्तातली बसवलेली होती. कपाच्या आट्यांमध्ये जांभळट, चुन्यासारखा कडक थर नखाला लागला. हे खाऱ्या पाण्यात वाढणारे चुनखडीचे शेवाळ आहे आणि ते कारखान्यातून येत नाही. खोक्यावरील ४०० लिटरचे लेबल कडेने सोलले, तर खाली २०० छापलेले निघाले. उत्पादक असे आकडे बहुधा मोजकेच मासे असलेल्या टाकीसाठी देतात, हे लक्षात घेतले तर २०० चा स्किमरही माझ्या टाकीला जेमतेम पुरला असता. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यांपैकी काहीच नव्हते आणि मी ते पाहिलेही नव्हते.

दुकानात गेलो, तेव्हा “हा माल आमचा नाहीच” असे ऐकावे लागले. पक्के बिल नव्हते. पैसे ज्या खात्यात गेले, त्याचे नाव दुकानाच्या पाटीवरील नावाशी जुळत नव्हते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आणि छायाचित्रे, चिठ्ठीची प्रत व खात्याचा उतारा जोडून दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, हेही त्या पत्रात लिहिले. आठवड्याभरात दुकानातून फोन आला आणि ४,००० रुपये परत मिळाले. उरलेल्या रकमेसाठी आयोगाकडे जाण्याचा विचार मी अजून सोडलेला नाही.

दुसरा स्किमर घेताना मी त्या स्नेह्यांना बरोबर नेले. टाकीमागे भिंतीपर्यंत किती जागा आहे (पाच इंच), काच किती जाडीची आहे आणि उन्हाळ्यात पंखा लावल्यावर टाकीतले पाणी दिवसाला किती उतरते (दोन लिटर), हे तिन्ही प्रश्न त्यांनी माझ्याआधी विचारले. शेवटचा प्रश्न अशासाठी, की टाकीला संप नसला की पातळी खाली जाताच काठावरच्या स्किमरचे काम बिघडते. या वेळी दुकानदाराने खाऱ्या पाण्याची बादली भरली. मी नळीच्या तोंडावर बोट ठेवले, नळकांडे पांढरे झालेले पाहिले, मोटर उघडून घेतली आणि अठरा टक्क्यांसह पक्के बिल मागितले. अकराव्या दिवशी कपात चहाच्या रंगाचे, दुर्गंधीयुक्त पाणी जमले, आणि घरच्यांनी नाकाला पदर लावला तरी मला ते पाहून अतिशय समाधान वाटले.