'ग्रीन': ओढ्यासह की ओढ्याविना?

जपानी संगीतकार हिरोशी योशिमुरांचा 'ग्रीन' हा अल्बम घ्यायचा ठरवलात की लगेच दुसरा प्रश्न येतो: कोणता? १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या मूळ रेकॉर्डवर नुसते सिंथेसायझर आहेत. पुढे अमेरिकेत जी आवृत्ती निघाली, तिच्यात त्याच रचनांवर वाहतं पाणी आणि पाखरं चढवली गेली. इंटरनेटवर बरीच वर्षं हीच दुसरी आवृत्ती फिरत होती, त्यामुळे अनेकांची ओळख तिच्यापासूनच झाली. माझीही.

ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. या शांत, 'अँबियंट' म्हणजे वातावरणात मिसळून जाणाऱ्या संगीतात नवखा असलेल्या माणसाला नुसते सूर कधीकधी फार उघडे वाटतात, 'आता पुढे काय' म्हणून कान वाट बघत बसतात. पाण्याचा आवाज असला की कानाला टेकायला जागा मिळते. माझा मावसभाऊ थंड देशात राहतो. हिवाळ्यात चार-चार महिने त्याच्या खिडक्या बंद असतात आणि घरात फ्रीजच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. तो रोज सकाळी पाण्याची आवृत्ती लावतो. त्याच्यासाठी तीच योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

माझं घर मात्र वरच्या मजल्यावर, बरोब्बर टाकीखाली. मोटर चालू राहिली, टाकी भरली की पाइपातून पाणी गच्चीवर पडायला लागतं. तो आवाज आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला झोपेतही ओळखता येतो. मी 'ग्रीन' सकाळी ऐकतो, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, अगदी हळू. आवाज इतका कमी केला की सूर मागे जातात आणि पाण्याची सळसळ तेवढी पुढे उरते. आतून आईची हाक: "अरे, टाकी वाहतेय बघ, मोटर बंद कर!" पहिल्या दोन-तीन वेळा मी धावत वर गेलो. नंतर हा रेकॉर्डवरचा ओढा आहे हे कळायला लागलं, पण कळूनही मन त्या आवाजाकडे ओढलं जायचंच. मग एका मे महिन्यात उलटं झालं. टँकर आला होता, टाकी खरोखरच वाहत होती आणि मी ओढाच समजून चहा पीत बसलो. वर गेलो तेव्हा गच्चीभर पाणी होतं, आणि त्या आठवड्यात पुढचा टँकर चार दिवसांनी यायचा होता. त्या दिवसापासून मी ती आवृत्ती घरात लावलेली नाही.

राग बाजूला ठेवूनही मला एक गोष्ट जाणवते. हा अल्बम मुख्यतः यामाहाच्या एफएम सिंथेसायझरवर झाला आहे (हे एफएम रेडिओतलं नव्हे, एका लहरीने दुसरी हलवून सूर घडवण्याची पद्धत). एफएमचा सूर काचेच्या वाटीवर टिचकी मारावी तसा उठतो आणि मग बारीक होत होत विरतो. खरी मजा त्या विरण्यात आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजात मात्र वरचे-खालचे सगळे स्वर एकदम भरलेले असतात, त्यामुळे सुराची ही शेपटी नेमकी त्याच्याखाली झाकली जाते. 'क्रीक' (म्हणजे ओढा) ही त्यातली रचना ऐकून बघा. चिमुकल्या सुरांची एक ओळ पुन्हापुन्हा फिरत येते, दर वेळी किंचित निराळी भासते. ओढा तिथे सुरांतूनच वाहतो आहे. त्यावर खरा ओढा सोडला की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते. निदान माझ्या कानांना तरी तसं वाटतं, हेडफोनवर ऐकणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

निसर्गाचे आवाज आणि सिंथेसायझर यांचं जमतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या १९८२ च्या 'ऑन लँड' या अल्बममध्ये कावळ्यांचे भाईबंद, बेडूक, किडे आहेत, पण ते वाद्यांसारखे वापरलेले आहेत. सूर कुठे संपतो आणि डबकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. त्यातून बेडूक काढले तर रचनाच मोडेल. 'ग्रीन'मधून पाणी काढलं तर काहीच मोडत नाही, उलट आतलं दिसायला लागतं.

योशिमुरांचा मूळ कलही तिकडेच असावा असं वाटतं. १९८२ चा त्यांचा पहिला अल्बम टोकियोच्या हारा संग्रहालयाशी जोडलेला आहे. जिथे वाजेल त्या जागेशी जुळवून घेणारं असं ते संगीत. 'ग्रीन'बद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की हे नाव रंगाचं नाही, निसर्गाच्या चक्रातल्या निवांत दृश्याचं आहे. आणि हे सगळं त्यांनी १९८५-८६ च्या हिवाळ्यात, घरच्या स्टुडिओत केलं.

मूळ आवृत्ती लावून मी खिडकी उघडी ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये समोरच्या तारेवर दयाळ गातो, मे संपताना पावशा 'पेरते व्हा' म्हणत असतो, आषाढात शेजारच्या पत्र्यावर पाऊस पडतो. सूर या सगळ्यांना जागा देतात. 'ग्रीन'मधली 'स्लीप' ही रचना चालू असताना एकदा दयाळ आणि सिंथेसायझर जवळजवळ एकाच सुरावर आले होते. मी हातातला चहा तसाच ठेवून ऐकत राहिलो. दुसऱ्या कुठल्या जंगलातली पाखरं स्पीकरमधून गात असती, तर हा दयाळ मला वेगळा ऐकूच आला नसता.

घेताना एवढं बघा: 'लाइट इन द अ‍ॅटिक' या रेकॉर्ड कंपनीने २०२० साली पुन्हा काढलेल्या रेकॉर्डवर मूळ मिश्रण आहे, योशिमुरांना स्वतःला पसंत असलेलं. ऑनलाइन ऐकत असाल तर 'क्रीक' लावून कान द्या. पाणी वाहिलं तर ती अमेरिकी आवृत्ती. तुमच्या खिडकीबाहेर नुसतंच ट्रॅफिक असेल तर तीही आठवडाभर चालवून पाहायला हरकत नाही. टाकी मात्र आधी बघून या.